साइटवरच्या आदिवासी कुटुंबाला मदत करायचीय ना, मग क्रम नका चुकवू

इंदूरच्या आमच्या सुदामानगरात आत्ता एका गल्लीत तीन बंगल्यांचं काम चालू आहे आणि तिन्हीकडे झाबुआ-अलीराजपूरकडची माणसं आहेत. दर हिवाळ्यात आपल्या मराठी ग्रुपांवर तेच मेसेज सुरू होतात. "समोरच्या साइटवर बाळ उघडं फिरतंय, कुठे कळवायचं?" "मुलगी हुशार दिसते, कोणती शाळा घेईल?" "१०९८ ला फोन केला तर येऊन नेतील का?" मन चांगलं असतं हो, पण सगळं उलट्या क्रमानं चालतं, आधी स्वेटर, मग फोटो, मग फोन, आणि आईशी बोलणं जमलं तर शेवटी. मग पुढच्या आठवड्यात ते कुटुंब साइटच सोडून जातं आणि आपण म्हणतो, बघा, यांना मदत नकोच असते.

मी स्वतः यातल्या जवळजवळ सगळ्या चुका करून बसलेय, म्हणून लिहितेय.

सुरू करण्याआधी एवढं पक्कं समजून घ्या की हे कुटुंब बेघर नाहीये. ते भील, भिलाला, बारेला, पटेलिया यांपैकी कोणी असेल, त्याचं गाव आहे, गावात फलिया आहे, म्हणजे आपल्याकडची वाडी समजा, तिथे आजी आहे, काका आहेत, दोन-चार बिघे जमीन आहे. इंदूरला ते मजुरीपुरतं आलंय. मुलाची लस, धान्य, शाळा हे सगळं अडतं ते मधल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये, नाव तिकडे आणि पोर इकडे. आपलं काम फक्त ही दोन टोकं बांधायचं.

आधी ठरवा, फोन करायचा की जाऊन बसायचं

१०९८, म्हणजे मुलांची हेल्पलाइन, कधी? मूल एकटं सापडलं, कोणी मारतंय, लैंगिक छळाची शंका आहे, कोणी पैसे देऊन मूल "सांभाळायला" मागतंय, किंवा १४ वर्षांखालच्या पोराला कामाला लावलंय. तेव्हा विचार करत बसू नका, १०९८ किंवा ११२ लावा. लैंगिक छळाच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे, "त्यांच्या घरातला प्रश्न" म्हणून गप्प बसता येत नाही.

आणि कधी नाही? पायात चप्पल नाही, नाक वाहतंय, आई विटा उचलतेय आणि बाळ बांबूला बांधलेल्या झोळीत झोपलंय, एवढ्यावर फोन नको. ही गरिबी आहे, छळ नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं म्हणून मूल ताब्यात घेतलं तर ते २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून, आणि मग आई-बाप मजुरी बुडवून कागद गोळा करत फिरतात. २०१५ चा बाल न्याय कायदाही म्हणतो की मुलाची पहिली जागा कुटुंबात, संस्था अगदी शेवटी.

खबरदारी: फोटो ग्रुपवर टाकू नका. कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. आणि प्रक्रिया नसली तरी, आपल्या नातवाचा असा फोटो कोणी अनोळखी माणसानं शंभर जणांना पाठवला तर आपल्याला कसं वाटेल?

१. जाण्याआधीची तयारी

दुपारी जायचं नाही, दुपारी काम चालू असतं आणि बाईला थांबवलं की मुकादमाच्या कपाळाला आठ्या. संध्याकाळी काम सुटल्यावर जा, चूल पेटायच्या सुमाराला. आठवड्याचा पैसा मिळतो तो दिवस मात्र सोडा, तेव्हा ते बाजाराला जातात.

दोघांनी जा, त्यात एक बाई हवीच. सहा जणांचा जत्था नको, लोकांना वाटतं नगर निगमवाले झोपडी हटवायला आले. ठेकेदाराला आणि चौकीदाराला आधी सांगा की मुलांच्या लसीबिसीचं बोलायला आलोय, मजुरीचा हिशेब विचारायला नाही. हे नाही सांगितलं तर तुम्ही निघून जाता आणि दुसऱ्या दिवशी काम त्यांचं जातं.

भाषेचं बघा. नवऱ्याला हिंदी येते, बाईला पुष्कळदा फक्त भीली किंवा भिलाली. त्याच टोळीतली एखादी वयस्क बाई मध्ये घ्या. दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करू नका, आईच्या पाळीचं, गर्भाचं बोलणं तिच्या तोंडून काढायचं का?

आणि ते "मामा" म्हणणं. इंदूरात दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे भील माणसाला सरसकट मामा म्हणतात, भंवरकुआँच्या चौकाला आपण क्रांतिकारक टंट्या भीलचं नाव दिलं तरी ही सवय काही गेली नाही. काही जणांना चालतं, काहींना त्यातली मस्करी बरोबर कळते. तुम्ही नाव विचारा आणि नावानं भाई-बाई म्हणा. सुरुवात राम-राम नं करा, चालतं.

कॅलेंडर बघितल्याशिवाय कुठलीच तारीख घेऊ नका. होळीआधीच्या आठवड्यात भगोरिया, म्हणजे त्यांची जत्रा, असतो, गंगवाल बस स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा साइटवर फक्त कुत्री आणि चौकीदार. पहिला पाऊस पडला की पेरणीला जातात, दिवाळीला जातात. मी एकदा डॉक्टरची वेळ नेमकी भगोरियाच्या गुरुवारी घेतली होती आणि मग दोन तास स्वतःच हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते.

पिशवीत काय ठेवायचं? एक वही, बटणवाला प्लास्टिकचा फोल्डर, आणि जमल्यास आशा कार्यकर्तीकडून मुलाचा दंड मोजायची पट्टी (कुपोषण ओळखायला). पहिल्या भेटीत कपडे, बिस्किटं, खेळणी काही नाही. एकदा वाटलंत की तुम्ही "वाटणारे" झालात, मग पुढच्या वेळी पूर्ण गल्ली जमते आणि बोलणं होत नाही.

२. पहिली भेट: बसा आणि गावाचं विचारा

खाली बसा, विटेवर बसा, कशावरही बसा पण उभ्यानं प्रश्न नको. आणि "क्या परेशानी है" नं सुरुवात नको, त्याचं उत्तर एकच येतं, "कुछ नी". मी या क्रमानं विचारते:

गाव कोणतं, फलिया कोणता, हाट कोणत्या वारी भरतो. (हाटाचा वार विचारलात की चेहरा बदलतो, याला आपलं गाव माहितेय असं वाटतं.) घरी कोण आहे. मुलं किती, इथे किती, तिथे किती. बऱ्याचदा शाळेतलं एक पोर आजीकडे ठेवलेलं असतं, ते आपण मोजतच नाही. परत कधी जाणार. गावात शिकलेला कोण आहे ज्याचा फोन लागतो. आणि कागदांचा विषय या सगळ्यानंतर.

कागद नाहीत असं म्हटलं तरी लगेच मानू नका. एका बाईनं मला तीनदा सांगितलं की काहीच नाही, मग चहा झाल्यावर उठली आणि ताडपत्रीच्या बांबूला टांगलेली काळी पन्नी काढून आणली. त्यात एक जुना मोबाइल चार्जर, बिडीचं बंडल, दोन आधार कार्डं, कोपरा उंदरानं कुरतडलेलं लसीचं कार्ड आणि घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलेली हॉस्पिटलची डिस्चार्ज चिठ्ठी. तिला ती चिठ्ठी म्हणजे औषधाची वाटत होती. पोराच्या जन्माचा सगळा पुरावा त्या चिठ्ठीत होता, तारीख, वेळ, वजन.

जन्मतारीख आठवत नसेल तर इंग्रजी महिना विचारून काही उपयोग नाही. भगोरियाच्या आधी की नंतर, दिवासा सण झाला होता का, मका काढला होता का, असं विचारा. आणि पोराचं नाव नीट ऐका. भीलांत वारावरून नाव ठेवायची पद्धत आहे, सोमला, मंगलिया, बुधिया, थावरिया. थावर म्हणजे शनिवार. नाव थावरिया असेल तर पोर शनिवारचं असायची शक्यता मोठी, मग जुनं पंचांग काढून तारीख बऱ्यापैकी जवळ आणता येते आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरात शोधायला सोपं जातं.

खबरदारी: फॉर्म भरताना हे नाव "सुधारू" नका. आपल्यातल्याच एका ताईंनी प्रेमानं थावरियाचं आरव करून टाकलं होतं, आता लसीच्या कार्डावर एक, आधारवर दुसरं, आणि आजी तिसऱ्याच नावानं हाक मारते.

"इतकी मुलं कशाला", "लग्नात वय काय होतं" हे प्रश्न गिळा. पहिल्याच भेटीत हे विचारलं की दुसरी भेट होत नाही.

तपासा: वहीत गाव-फलिया, घरच्या माणसाचा नंबर, प्रत्येक मुलाचं नाव आणि अंदाजे वय, परत जायचा महिना, असलेल्या कागदांची यादी, एवढं आलं का? नसेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा एकदा चहाला जा.

३. आधी शरीर, मग कागद

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक आधी आधार कार्डाच्या मागे लागतात आणि मुलाचा दंड काडीसारखा झालाय हे महिनाभर कोणी बघत नाही.

६ महिने ते ५ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा डावा दंड मोजायचा. कोपर वाकवून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करा, मग हात सरळ खाली सोडायला लावा आणि त्या खुणेवर पट्टी गुंडाळा. मांस दाबलं जाईल इतकी घट्ट नाही, आणि खाली फट राहील इतकी सैलही नाही. पोर रडत असेल तर आईच्या मांडीवर घेऊन मोजा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली आलं तर अतिगंभीर कुपोषण. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. दुसरी खूण म्हणजे दोन्ही पावलांवर अंगठ्यानं थोडा वेळ दाबून धरा, खड्डा तसाच राहिला तर दंड कितीही भरलेला दिसला तरी ते गंभीरच, ती सूज असते, बाळसं नसतं.

अशा मुलाला घरचं दूध, तुपाचा शिरा, डब्यातली पावडर भरवायला धावू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम जड खाणं झेपत नाही, जिवावर बेतू शकतं. आशा किंवा आंगणवाडीच्या बाईंमार्फत त्याला सरकारी हॉस्पिटलच्या पोषण पुनर्वसन केंद्रात, सगळे एनआरसी म्हणतात तिथे, न्यायचं. ताप, सतत झोपाळूपणा, दूधच न पिणं, झटके यातलं काहीही असेल तर केंद्राबिंद्राची वाट बघू नका, सरळ १०८.

एनआरसीत साधारण १४ दिवस आईला मुलासोबत राहावं लागतं आणि नंतर पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा दाखवायला यावं लागतं. आई तिसऱ्या दिवशी पळून आली म्हणून तिला बोल लावणारे खूप, पण आत जाण्याआधी कोणी विचारलेलं असतं का की बाकीची दोन पोरं कोण बघणार, रात्रीची भाकरी कोण थापणार, ठेकेदार पंधरा दिवसांनी कामावर परत घेईल का? बुडलेल्या मजुरीपोटी आईला सरकारकडून काही रक्कम मिळते, पण ती खात्यात येते आणि खातं चालू असेल तरच. तुमची खरी मदत इथे आहे. ठेकेदाराशी बोला, त्याच टोळीतल्या जावेशी किंवा नणंदेशी बोला, नाहीतर गावाहून आजीला बोलवून घ्या, बसचं भाडं तुम्ही द्या. स्वेटरपेक्षा स्वस्त पडतं आणि आजी आली की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं विचारायला विसरू नका. मध्य प्रदेशानं या तपासणीची सुरुवात झाबुआ आणि अलीराजपूरपासूनच केली होती, देशाचं सिकलसेल मिशन १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झालं आणि ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात धरलीय. विचारायचं असं, कोणाला कार्ड मिळालंय का, तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजले होते का, हाडं दुखतात म्हणून पोर रात्री रडतं का, डोळे पिवळे होतात का. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर "उद्या बघू" चालत नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि मेडिकलमधून लोहाचं टॉनिक स्वतःच्या मनानं आणून देऊ नका.

बाई गरोदर असेल तर दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा, सरकारी दवाखान्यात त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी डॉक्टरकडून फुकट होते. बाळंतपण इथे की गावी, हे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा, बहुतेक जणी गावीच जायचं म्हणतात आणि त्यात चूक काही नाही, फक्त कार्ड सोबत जायला हवं.

४. आंगणवाडी आणि लस

जवळची आंगणवाडी शोधा, स्वतः जा, आईला एकटीला पाठवू नका. "यांचं नाव गावी आहे, इथे नाही घेता येत" हे ऐकायला मिळेल. शांतपणे सांगा की पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे आंगणवाडीच्या सरकारी ॲपमध्ये, एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर नाव हलवायची सोय आहे, आईचा आधार नंबर आणि गावच्या आंगणवाडीचं नाव लागतं. गावच्या कोणाचा तरी फोन तुम्ही दुसऱ्या टप्प्यात घेतलाच असेल, नसेल तर आता कळलं का म्हणत होते.

लसीचं कार्ड हरवलंय म्हणून पहिल्यापासून सगळ्या लसी पुन्हा द्यायच्या नसतात आणि मध्ये खंड पडला म्हणून "आता उशीर झाला" असंही नसतं. राहिली तिथून पुढे. ९ महिन्यांची गोवर-रुबेला सर्वात जास्त चुकते, कारण नेमकं तेव्हाच कुटुंब कुठेतरी हललेलं असतं. नव्या कार्डावर जुन्या तारखा उतरवून घ्या आणि मोबाइल नंबर असा द्या जो सहा महिन्यांनी पण चालू असेल, पोराच्या बापाचे नंबर कपड्यांसारखे बदलतात.

५. कागद: कुठला आधी आणि कुठे

क्रम असा, जन्माचा दाखला, मग आधार, मग समग्र (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-नोंदणीचा आयडी), मग रेशन, जातीचा दाखला सावकाश. मधूनच सुरू केलं की प्रत्येक खिडकीवर मागचा कागद मागतात.

जन्माचा दाखला जिथे जन्म झाला तिथेच मिळतो, तुम्ही राहता तिथे नाही. हे मी तीन खेपा घालून शिकले, अलीराजपूर जिल्ह्यातल्या जोबटला जन्मलेल्या पोरीसाठी इथल्या एका ऑफिसात रांगा लावल्या, तिसऱ्या खेपेला काउंटरवरच्या माणसानं चष्म्यावरून बघत विचारलं, मॅडम, बच्ची इंदौर में हुई थी क्या? झालं. हॉस्पिटलात जन्म असेल तर नोंद बहुतेक वेळा झालेली असते, फक्त दाखला काढायचा राहिलेला असतो. घरी जन्म असेल तर गावच्या पंचायतीच्या सचिवाकडे. २१ दिवसांत नोंद फुकट, नंतर उशिराची फी, ३० दिवसांनंतर परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की एसडीएम किंवा त्या अधिकाराच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर पुढे शाळेपासून सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे, तेव्हा टाळाटाळ नको. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करा, नाव नंतर घालता येतं.

आधार: ५ वर्षांखाली बोटांचे ठसे लागत नाहीत, जन्माचा दाखला आणि आई किंवा बापाचं आधार पुरतं. ५ पूर्ण झाल्यावर ठसे द्यावे लागतात, ते राहिलं की आधार अडकतं. आई-बापाच्या आधारवर दोघांची जन्मतारीख १ जानेवारी दिसली तर दचकू नका, अशी घरंच्या घरं आहेत. आडनाव मात्र अक्षर न् अक्षर जुळवा. मेडा आणि मेड़ा, एका नुक्त्यानं खातं अडतं.

समग्र: कुटुंबाचा नंबर ८ आकडी, माणसाचा ९ आकडी. इथे सगळ्यात मोठी चूक अशी होते की कोणी उत्साही माणूस इंदूरच्या वॉर्डात त्यांचा नवीनच आयडी काढून देतो. मग एकच माणूस दोन ठिकाणी दिसतो आणि गावचं नाव कटलं की तिकडची पात्रता पर्ची, म्हणजे रेशन मिळायची चिठ्ठी, पण अडचणीत. नवीन काढायचा नाही, मुलाचं नाव गावच्या कुटुंबातच जोडायचं.

रेशनसाठी कार्ड इकडे आणायची गरज नाही. एक देश एक रेशन कार्ड आहे, आधार जोडलेलं असेल आणि ई-केवायसी झालेली असेल तर इंदूरच्या कुठल्याही सरकारी रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, माणशी ५ किलो. पण थांबा, सगळं इथेच उचलायचं नाही. त्याच कार्डावर गावी आजी आणि शाळेतलं पोर आहे ना, त्यांच्या वाट्याचं तिकडे राहू द्या, थोडं इकडे थोडं तिकडे असं उचलता येतं. एका घरात मी हौसेनं पूर्ण महिन्याचं धान्य इथे काढून दिलं आणि तिकडे म्हातारी दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत गेली. तिचा फोन आला तेव्हा कळलं.

जातीचा दाखला इथे होत नाही, मूळ जिल्ह्याच्या एसडीएमकडून होतो, लोकसेवा केंद्रात अर्ज देऊन. १९५० मध्ये कुटुंब तिथे राहत होतं हे दाखवावं लागतं. काका किंवा मोठ्या भावाचा दाखला आधीच निघालेला असेल तर त्याची झेरॉक्स लावा, पुष्कळ सोपं जातं.

तपासा: प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स, एक फोल्डरमध्ये, एक गावी. मूळ कागद तुमच्या कपाटात ठेवायचे नाहीत, "आमच्याकडे सुरक्षित राहतील" म्हणून सुद्धा नाही.

६. शाळा

आठ वर्षांची मुलगी शाळेत का जात नाही? कारण तिच्या कडेवर दीड वर्षांचा भाऊ आहे. म्हणून आंगणवाडी आधी. भाऊ तिकडे बसायला लागला की बहीण मोकळी होते, नाहीतर तुम्ही दप्तर आणून द्या, कंपास द्या, ती चार दिवस जाईल आणि पाचव्या दिवशी पुन्हा रेतीच्या ढिगावर.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं जन्माचा पुरावा नाही किंवा टीसी नाही म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं की ते लाजेनं येणं सोडतं. नकार मिळाला तर भांडण नको, लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा काम होऊन जातं, नाही झालं तर १८१ वर सीएम हेल्पलाइन. गावच्या शाळेतलं नाव मात्र न विचारता कापू नका, पेरणीला पोर परत तिकडेच जाणार आहे.

होस्टेल, आश्रमशाळा, सहावीपासून एकलव्य निवासी शाळा, हे पर्याय आहेत आणि चांगलेही आहेत, पण ते कुटुंबानं ठरवायचं. तुम्ही फॉर्मची तारीख सांगा, एवढंच.

खबरदारी, आणि हे आपल्याच लोकांसाठी: "मुलगी आमच्याकडे राहील, वरचं काम करेल, घरच्यासारखी ठेवू, शिकवू पण." नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, कितीही घरच्यासारखी ठेवलीत तरी. आणि मूलबाळ नसलेल्या ओळखीतल्या जोडप्यासाठी बाळ "बघून ठेवणं" तर डोक्यातून काढाच, कायदेशीर प्रक्रियेशिवाय दत्तक देणं-घेणं याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

७. पैशाच्या योजना

यावर फार वेळ घालवू नका, दोन-तीन नीट झाल्या तरी पुष्कळ. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. संबलमध्ये, म्हणजे राज्याच्या असंघटित मजुरांच्या योजनेत, नाव असलेल्या मजूर बाईला बाळंतपणाचे एकूण १६,०००. बांधकाम मजूर म्हणून नोंदणीला वर्षात ९० दिवसांचं काम दाखवावं लागतं, ठेकेदाराशी गोडीत राहिलात तर तो लिहून देतो. सगळ्याला आईच्या नावचं, आधार जोडलेलं खातं लागतं.

एका योजनेवर मात्र जोर लावा. मिशन वात्सल्यमधली स्पॉन्सरशिप, मुलामागे महिन्याला ४,०००. बाप वारलाय, आई विधवा आहे किंवा सोडलेली आहे, आई-बापाला मोठा आजार आहे, किंवा पोर अनाथ होऊन काकाकडे राहतंय, अशा मुलांसाठी ती आहे, म्हणजे पोरानं घरीच राहावं म्हणून. उत्पन्नाची मर्यादा गावात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. अर्ज कुटुंबाच्या जिल्ह्यातल्या जिल्हा बाल संरक्षण युनिटकडे. बापाच्या मृत्यूचा दाखला नसेल तर आधी तो.

अलीराजपूर-झाबुआकडच्या घरात बाप "गोध्र्याला कामाला होता आणि खोकून गेला" असं कळलं तर तिथेच थांबून नीट विचारा. गुजरातमधल्या त्या दगड दळायच्या कारखान्यांमुळे सिलिकोसिस (दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) होऊन बरेच मजूर गेले, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अशा २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला सांगितले होते. जुने एक्स-रे, दवाखान्याच्या चिठ्ठ्या फेकलेल्या नाहीत ना, ते बघा.

८. परत जाताना

हा टप्पा सगळे विसरतात आणि मग आधीचे सात पाण्यात. निघायच्या आठवडाभर आधी जा. फोल्डरमध्ये काय काय आहे ते आईच्या हातानं एकेक काढून तिला ओळखायला लावा, वाचता येत नसेल तर कोपऱ्यात खूण करा, मी लसीच्या कार्डावर सुईचं चित्र काढते, रेशनवर कणसाचं. पुढची लस कधी, एनआरसीचं कितवं दाखवणं राहिलंय, हे गावच्या आशाला फोन करून स्वतः सांगा. आंगणवाडीत नाव परत गावी हलवायला सांगा, नाहीतर तिकडे गेल्यावर धान्याचं पाकीट मिळत नाही.

गावात कोणाला धरायचं? सरपंच असतोच, पण भीलांच्या गावात तडवीचा, म्हणजे परंपरेतल्या गावप्रमुखाचा, शब्द चालतो, आणि नात्यातली माणसं तर आहेतच. त्यांच्यात नोतरा आहे, लग्नकार्याला सगळे येऊन पैसे देतात आणि त्याचा चोख हिशेब राहतो. हलमा आहे, एकाला अडलं तर सगळा गाव हात लावायला येतो, एक पैसा न घेता. एका विधवेची पोरं संस्थेत ठेवावी लागणार असं आम्ही इथे बसून ठरवत होतो, तिच्या दिरानं फोनवर सांगितलं की पेरणी आम्ही करून देऊ, घराचं कवेलू पण चढवून देऊ, तुम्ही फक्त ते महिन्याचे पैसे चालू करून द्या. आम्हाला हे सुचलंच नव्हतं, कारण आम्ही दिराला विचारलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी वहीतल्या गावच्या नंबरवर एक फोन करा, रात्री आठनंतर, दिवसा सगळे शेतात असतात. लस झाली का विचारा, आजीशी बोला, आणि दिवाळीनंतर पुन्हा इंदूरला येणार असतील तर कुठल्या साइटवर ते त्याच वहीत लिहून ठेवा.